४५ सेनचा ससाणा: एका ताऱ्याच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. आजोबांच्या अल्बममधली तीन जपानी तिकिटं तुम्ही ओळखायला आणलीत. आम्ही तिकिटामागे शंभर रुपये घेतले आणि दहा मिनिटांत सांगितलं, की एक नकली आहे, एक जपानचं नाहीच आणि एक तुम्ही समजता त्याहून पंचवीस वर्षं अलीकडचं आहे. मोबाइलवर मात्र त्यातलंच एक ऐंशी हजारांना दिसतंय, म्हणजे आम्ही ते कवडीमोलाने लाटायला टपलो होतो, असं तुमचं म्हणणं. हे शेवटचं वाक्य नसतं, तर मी उत्तर लिहायला बसलोही नसतो.

आधी ससाण्याचं बघू, कारण खरा राग त्याचाच आहे.

४५ सेनचं (शंभर सेनचा एक येन) ससाण्याचं तिकीट जपानने १८७५ मध्ये काढलं. जोडीला १२ सेनवर रानहंस आणि १५ सेनवर परीट पक्षी. तुम्हाला मोबाइलवर दिसलं ते हेच, त्यात वाद नाही. पण जपानच्या या सुरुवातीच्या तिकिटांच्या नकला पुढे परदेशी पाहुण्यांना आठवण म्हणून ढिगाने विकल्या गेल्या. योकोहामाचा वादा कोतारो हे त्या धंद्यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव. इतकं, की जगभरचे संग्राहक अशा नकलांना सरसकट 'वादा'च म्हणतात. बनावटीच्या कायद्यात अडकायला नको म्हणून या मंडळींनी नक्षीतच दोन बारीक चित्राक्षरं घालून ठेवली. काहींवर 'सान्को', म्हणजे संदर्भापुरतं, तर काहींवर 'मोझो', म्हणजे नक्कल. तुमच्या तिकिटावर 'सान्को' आहे. काउंटरवर भिंगातून दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "ते डिझाइन असेल." डिझाइनच आहे ते, फक्त जपानी टपालखात्याचं नाही.

म्हणून दहा मिनिटं पुरली. ही अक्षरं नसती, तर तिकीट ठेवून घ्यावं लागलं असतं. अक्षरं नाहीत म्हणून माल अस्सल, असंही नसतं. पुष्कळदा नकली शिक्का नेमका त्या अक्षरांवरच मारलेला असतो. शिवाय त्या काळातल्या तिकिटांच्या छपाईच्या तांब्याच्या प्लेट हाताने कोरलेल्या. एका प्लेटवर बहुधा चाळीस तिकिटं, आणि प्रत्येक वेगळं कोरलेलं, त्यामुळे अस्सल तिकिटंसुद्धा एकमेकांशी रेघ न् रेघ जुळत नाहीत. अशा मालात मोबाइल काय जुळवणार? तो ससाणा बघतो, चौकट बघतो आणि ऐंशी हजार दाखवतो. नक्कल करणाऱ्यानेही ससाणा आणि चौकट तशीच दिसावी एवढीच मेहनत घेतली होती. आणि ते ऐंशी हजार कुणीतरी मागितलेले आहेत. दिले कुणी, हे तिथे लिहिलेलं नसतं.

"पणजोबा कापसाच्या धंद्यात होते, त्यांनी स्वतः जपानमधल्या कोबेहून आणलं, मग नकली कसं?" असंही तुम्ही विचारलंय. पणजोबांवर आमचा काडीचाही अविश्वास नाही. मुंबई–कोबे बोटसेवा निप्पॉन यूसेन कैशा या कंपनीने १८९३ मध्ये सुरू केली, जमशेटजी टाटांच्या साथीने, आणि मुख्यतः कापसासाठीच. त्या वाटेने गेलेल्या माणसाच्या सामानात अशी तिकिटं सापडणं अगदी साहजिक आहे. ही नक्कल मुंबईत बसून कुणी त्यांच्या गळ्यात मारलेली नाही. जिथे ती परदेशी माणसासाठी बनायची आणि विकली जायची, त्याच देशातून ती आली. वादांच्या नकला जमवणारे लोकही आहेत, तेव्हा फेकू नका. फक्त ऐंशी हजार विसरा.

दुसरं तिकीट. शिक्क्यावर २३ आहे, म्हणजे १९२३, असा तुमचा हिशोब. जपानी शिक्क्यावर साल सहसा सम्राटाच्या कारकिर्दीचं असतं. मेइजी असेल तर १८६७ मिळवायचे, ताइशो असेल तर १९११, शोवा असेल तर १९२५. शोवा २३ म्हणजे १९४८. ताइशो पंधराव्या वर्षीच संपतो, तेव्हा तो बाद. पण मेइजी की शोवा, हे नुसत्या आकड्यावरून कसं ठरवायचं? तिथे तिकीटच साक्ष देतं. जुन्या तिकिटांवर सोळा पाकळ्यांची शेवंती असते, ती राजघराण्याची खूण. महायुद्ध हरल्यावर, १९४७ पासून, नव्या तिकिटांवरून ती गेली. 'महान जपानी साम्राज्य' हा मजकूरही गेला, आणि उजवीकडून डावीकडे लिहायची जुनी रीतही. तुमच्या तिकिटावर शेवंती नाही आणि अक्षरं डावीकडून सुरू होतात. म्हणजे मेइजी नाही, शोवाच. अशा तिकिटावर १९२३ चा शिक्का बसूच शकत नाही.

तिसऱ्यावर तुम्ही सगळ्यांत जास्त चिडलात, आणि मला ते सगळ्यांत गमतीचं वाटतं. "लिपी जपानी, चित्र जपानी, आणि हे म्हणतात जपानचं नाही!" लिपी जपानीच आहे, पण किंमत बघा: ३ सेंट. जपानने सेन आणि येनमध्ये तिकिटं काढली, अमेरिकन सेंटमध्ये कधीच नाही. हे तिकीट र्यूक्यू बेटांचं, म्हणजे ओकिनावाकडचं. युद्धानंतर ती बेटं अमेरिकेच्या ताब्यात होती आणि १९४८ ते १९७२ त्यांची स्वतःची टपाल तिकिटं निघत होती. १९५८ मध्ये तिथे डॉलर आला, म्हणून सेंट. १५ मे १९७२ ला बेटं जपानकडे परत गेली आणि ही तिकिटं थांबली. मजकुरातली शेवटची दोन अक्षरं, टपाल या अर्थाची, दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे मुरलेले संग्राहकही ही तिकिटं जपानच्या पानावर लावून मोकळे होतात. कॅटलॉगमध्ये शोधाल तर र्यूक्यू या नावाखाली शोधा. जपानची अख्खी यादी उलटून झाली तरी तिथे सापडायचं नाही.

आता लाटण्याबद्दल. ओळखायला आलेलं तिकीट हे दुकान विकत घेत नाही. काउंटरवरच्या पाटीवर तसं लिहिलंय, तुमच्या पावतीच्या मागेही छापलंय. त्या दिवशी आम्ही तुम्हाला किंमत देऊ केली नाही, "ठेवून जा" म्हटलं नाही, तिन्ही तिकिटं तुमच्यासमोर चिमट्याने पाकिटात परत घातली. ज्याला माल हवा असतो, तो माणूस असा वागतो का, हे तुम्हीच ठरवा. तीनशे रुपये परत मिळणार नाहीत. फी ओळखण्याची असते, आवडेल ते ऐकवण्याची नाही. दुसरं मत हवं असेल, तर जरूर घ्या. आमची पावती दाखवा आणि त्यांना फक्त एवढंच विचारा, की नक्षीतली ती दोन अक्षरं कुठली आहेत.

एक गोष्ट मात्र त्या गडबडीत तुम्ही ऐकून घेतली नाहीत. अल्बमच्या शेवटच्या खिशात कोबेहून मुंबईला आलेलं एक पाकीट आहे. त्यावर तिकीट, शिक्का, पत्ता, सगळं शाबूत आहे. त्याच्यावरचं तिकीट कापू नका, पाण्यात भिजवून सोडवू नका आणि सेलोटेप तर अजिबात लावू नका. पाकीट आहे तसं कोरड्या जागी सपाट ठेवा. ते ओळखून हवं असेल, तर कुठल्याही दिवशी दुपारी चारनंतर घेऊन या.