लेकीचा कवडसा खोडला

आज संध्याकाळी लेकीने मराठीची निबंधवही माझ्यापुढे टाकली आणि काही न बोलता आत निघून गेली. पाचवीत आहे ती. निबंधाचा विषय 'सुट्टीतली दुपार'. तिने लिहिलं होतं, "भिंतीवर एक कवडसा हळूहळू सरकत होता." त्यातल्या 'कवडसा'वर लाल शाईची रेघ. वर लिहिलंय 'प्रकाशकिरण'. आणि समासात, 'सोपे शब्द वापरावेत.'

तासभर झाला, डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

प्रकाशकिरण भिंतीवर सरकतो का हो? झोत टॉर्चचा पडतो, तिरीप आत शिरते. आणि बारीक फटीतून, भोकातून आत आलेल्या उन्हाचं भिंतीवर जे एवढंसं गोल पडतं ना, तो कवडसा. झाकायला जावं तर हातावर येऊन बसतो. लहानपणी आरशाच्या तुकड्याने एकमेकांच्या तोंडावर पाडायचो, तोही कवडसाच. तिथे विज्ञानाच्या पुस्तकातला शब्द आणून चिकटवला, यात सोपं काय झालं?

बाईंना पन्नास-साठ वह्या तपासायच्या असतात, मान्य. पण खोडायचा कशाला? पोरीला जवळ बोलावून विचारायचं, हे काय गं लिहिलंस. तिने हाताने दाखवलं असतं.

मला हा शब्द आजीने दिला. मांडीचं हाड मोडून ती सात-आठ महिने मधल्या खोलीत पडून होती. डोळ्यांवर ऊन येतं म्हणून पूर्वेच्या खिडकीची लाकडी दारं लावलेली असायची. एका दारातली लाकडाची गाठ निसटून तिथे वेडंवाकडं भोक पडलं होतं. त्यातून कवडसा यायचा. आधी समोरच्या भिंतीवर उंच, मग उतरत उतरत तिच्या पांघरुणावर. घड्याळ तिला पडल्या जागेवरून दिसत नसे. कवडसा कपाटाच्या कडीवर आला की म्हणायची, "ऊठ गं, शाळा आहे." भिंतीवर माझ्याकडून पेन्सिलीने खुणा करून घ्यायची. पंधरा दिवसांत खूण चुकायला लागली की, "सूर्य सरकला, नवीन खूण कर."

२४ ऑक्टोबर १९९५ ची सकाळ. सूर्यग्रहण. खग्रास पट्टा तिकडे राजस्थानातल्या नीम का थानापासून बंगालच्या डायमंड हार्बरकडे, आमच्याकडे खंडग्रास. घरातले सगळे टीव्हीसमोर, मी आजीपाशी. पांघरुणावरचा कवडसा एका कडेने कुरतडल्यासारखा दिसायला लागला. बघता बघता त्याची कोर झाली! मला वाटलं, भोकात काहीतरी अडकलं. मी उठणार तेवढ्यात आजी म्हणाली, "भोकाला काही झालेलं नाही. सूर्यच आलाय पांघरुणावर."

पुढे कितीतरी वर्षांनी पिनहोल कॅमेरा शिकले तेव्हा वर्गात अंगावर काटा आला. भोक कसंही असो, लांबवर पडलेला कवडसा गोलच असतो, कारण ते भोकाचं चित्र नसतं, सूर्याचं असतं. तीन मीटरवरच्या भिंतीवर जेमतेम तीन सेंटीमीटरचा सूर्य. आणि स्वतःच्या रुंदीएवढं सरकायला त्याला साधारण दोन मिनिटं लागतात. जयपूरच्या जंतरमंतरमध्ये सवाई जयसिंगाने षष्ठांश यंत्र बांधलं, त्यात अंधाऱ्या खोलीत भोकातून सूर्याचं बिंब पाडून माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजत. आजीचंही तेच चाललं होतं, पेन्सिलीने.

एवढं सगळं ज्या शब्दात मावतं तो 'अवघड' म्हणून खोडायचा? आणि प्रकाशकिरण सोपा? जोडाक्षर तरी मोजा! मुलांना शब्द कळत नाहीत म्हणायचं आणि एखादीने आपणहून लिहिला की त्यावर रेघ मारायची. जुने शब्द जातात, नवे येतात, माहीत आहे मला. पण हा जात नव्हता. माझ्या घरात दहा वर्षांची मुलगी तो वापरत होती.

आजी गेली त्यानंतरच्या वर्षी ती खोली रंगवली. खुणांवरून ब्रश फिरला तेव्हा मी शाळेत होते. घरी आले तर भिंत स्वच्छ. कुणाची चूक नव्हती, त्या खुणा कसल्या हे आमच्या दोघींशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं. तरी त्या दिवशी मी जेवले नव्हते, हे आज लिहिता लिहिता आठवलं.

मघाशी आत जाऊन लेकीजवळ बसले. रागावली असेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आई, पण मी प्रकाशकिरण बघितलाच नव्हता. मग तसं कसं लिहू?"

वहीवर पालकांची सही मागितली आहे. रेघेशेजारी 'कवडसा बरोबर आहे' एवढं लिहिलं आणि खाली सही केली.