झारी वहिनींच्या हाती हवी होती

गेल्या फेब्रुवारीत माझ्या थोरल्या पुतणीचं लग्न झालं, गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर. तिचे वडील, म्हणजे माझा थोरला भाऊ, जाऊन चार वर्षं झाली. त्यामुळे कन्यादानाला काका-काकूंनी बसायचं असं घरात ठरलं आणि आम्ही दोघं त्यासाठी जर्मनीहून नाशिकला आलो.

ते लग्न वहिनींनी एकटीने उभं केलं होतं. पहिली पत्रिका सप्तशृंग गडावर ठेवून आल्या, येवल्याला जाऊन पैठणी घेतली, केटररशी ताटाचा भाव ठरवला, रुखवताची भांडी स्वतः निवडून आणली. कन्यादानाची झारीसुद्धा त्यांनीच घेतलेली. पण हळदीला सवाष्णी जात्याभोवती बसल्या तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. कुणी त्यांना बाजूला हो म्हटलं नव्हतं. या ना, असंही कुणी म्हटलं नाही.

आदल्या रात्री मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "शास्त्राची आडकाठी नाही, घरच्यांची असेल तर बघा." याज्ञवल्क्य स्मृतीत कन्या कोणी द्यावी याचा क्रमच दिला आहे: बाप, आजोबा, भाऊ, कुळातला माणूस आणि मग आई. शेवटी का होईना, आई आहे. देणारा भानावर असावा एवढीच तिथे अट आहे. तिचा नवरा हयात असावा, असं म्हटलेलं नाही.

मग वहिनींशी बोललो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला का वाटत नाही? पण उद्या पोरीच्या संसारात काही कमी-जास्त झालं तर सगळे माझ्याकडेच बघतील." मी पुढे बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पाटावर मी बसलो, माझ्या बायकोने झारीने धार धरली, पाणी ओंजळीतून काशाच्या ताटात पडत राहिलं आणि वहिनी मांडवाच्या खांबाजवळून बघत होत्या. मी चुकलो. हे लिहायचं कारण तेच.

लग्नविधींवरून आपल्याकडे दोन भांडणं मी सतत ऐकतो. मुलगी ही वस्तू नव्हे, कन्यादान बंद करा, हे एक. विधींशिवाय लग्न कसलं, हे दुसरं. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की योग्य विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही. दुसऱ्या बाजूला फार आनंद झाला. पण 1955च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 मध्ये नाव सप्तपदीचं आहे, कन्यादानाचं नाही. 2024 मध्येच अलाहाबाद उच्च न्यायालयानेही कन्यादान आवश्यक नसल्याचं म्हटलं. तेव्हा ज्यांना ते नको त्यांनी खुशाल वगळावं, माझी काही तक्रार नाही. मात्र ते वगळल्याने वहिनी दारातून आत येत नाहीत. हळद, ओटी, औक्षण, ऐरणीदान सगळं बाकी राहतं आणि त्यातल्या प्रत्येकाला सवाष्णच लागते. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, सरकारने इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. मला तो ठराव फार मोलाचा वाटतो. घरातल्या मांडवात हाताला धरून बसवणारं माणूस मात्र घरचंच लागतं.

इथे जर्मनीत सरकारी विवाह कचेरीत झालेलं लग्नच कायद्याने धरतात, चर्च ज्याच्या त्याच्या मर्जीवर. माझ्या एका सहकाऱ्याच्या लग्नात त्याची विधवा आई पहिल्या रांगेत होती आणि अंगठ्या तिच्याच पर्समध्ये होत्या. तिने त्या काढून दिल्या, बस. बापाने मुलीला हाताला धरून वेदीपर्यंत न्यावं की दोघांनी जोडीने चालत यावं, हा वाद इथेही आहे. म्हणून इथलं सगळं उत्तम असं मी म्हणणार नाही. आणि इथल्या आम्हा मराठी लोकांचं काय? संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण आजही "सुवासिनींसाठी" म्हणून येतं. आमच्यातल्या एक डॉक्टर बाई नवरा गेल्यापासून त्या दिवशी घरीच थांबतात.

परदेशात बसून शिकवू नका, असं मला नातेवाईक म्हणतात. त्यात तथ्य आहे. मी आठवड्याने विमानात बसतो, भाऊबंदांना तोंड वहिनींना द्यावं लागतं. म्हणूनच त्यांना "तुम्ही धीट व्हा" असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याला त्यांच्या जागी बसवतात त्याने ती जागा घेऊ नये, एवढं तर करता येतं. मी फोनवरच नाही म्हणायला हवं होतं. काका बसणार नाही म्हटल्यावर आईलाच बसवावं लागलं असतं आणि बोल लागला असता तो मला.

आता धाकटीचं जमलंय. मी येणार आहे, पण पाटावर बसणार नाही, हे चुलत्यांना, मामांना आणि गुरुजींना कळवून टाकलंय. धाकटी म्हणते, आईच हवी. वहिनी अजून हो म्हणालेल्या नाहीत. होणाऱ्या व्याह्यांशी समोरासमोर बोलायला मी डिसेंबरात नाशिकला येतोय.