आधी शिवणारीची मजुरी, मग निधी

सीमाभागात सध्या दोन आकडे घरोघरी तोलले जातात. बेळगावच्या बाजूला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2,000 रुपये, पलीकडे चंदगडात लाडक्या बहिणीचे 1,500. त्यावरून निघणारं गाऱ्हाणंही ठरलेलं: घरबसल्या पैसे येतात, आता वाकळ (गोधडी) शिवायला बाई मिळत नाही. बायकांच्याच कामांसाठी निधी जमवायला वाकळींची प्रदर्शनं भरवणारी मंडळीही हेच म्हणतात. ब्रिटनमधून ऐकताना वाटतं, गाऱ्हाणं अर्धंच सांगितलं जातंय. जुन्या दरात बाई मिळत नाही, एवढंच ते आहे. दोन हजार हाताशी आले आणि तिला ‘नको’ म्हणता यायला लागलं, यात वाईट काय झालं?

हिशेब करून बघा. सात फूट लांब, पाच फूट रुंद वाकळ, म्हणजे साधारण 210 बाय 150 सेंटिमीटर. धावदोऱ्याच्या ओळी दोन-दोन सेंटिमीटरवर घेतल्या तर 75 ओळी, सुमारे 157 मीटर शिवण. खानापूर-हल्याळकडच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका त्यांची वाकळ, म्हणजे कवंदी, कडेपासून सुरू करून मध्याकडे शिवत नेतात, तरी लांबी तेवढीच भरते. थरांतून वरखाली जाण्यात दोरा जास्त लागतो, म्हणून 200 मीटर धरावा. सवयीचा हात तासाला सव्वादोन मीटर शिवणीच्या आसपास जातो. म्हणजे सत्तरेक तास, आठ तासांचे नऊ दिवस. कर्नाटकात रोजगार हमीचा 2025-26 चा दर 370 रुपये आहे. नुसती मजुरीच 3,330 झाली. मग प्रदर्शनात ‘महिलांच्या मदतीसाठी’ अशी चिठ्ठी लावून तीच वाकळ 1,800 ला दिली, तर मदत कुणी कुणाला केली?

इथला नमुना जसाच्या तसा उचलला की हीच चूक होते. ब्रिटनमध्ये क्विल्ट शिवणाऱ्या गटांत बऱ्याचजणी निवृत्त असतात. पेन्शन चालू असते, वेळ स्वतःचा असतो, मेहनत फुकट देणं त्यांना परवडतं. एका क्विल्टवर शेकडो तिकिटं विकून सोडत काढतात. त्यासाठी छोट्या संस्थेने स्थानिक कौन्सिलकडे 40 पौंड भरून नोंदणी करायची आणि जमलेल्या रकमेतला निदान 20 टक्के भाग कामासाठी द्यायचा, असा नियम आहे. कर्नाटकात लॉटरीवर बंदी आहे, त्यामुळे सोडतीचा विषय तिथेच संपतो. खानापूरच्या बाईची फुकट मेहनत मात्र लोक बिनदिक्कत उचलतात.

उचलायचाच तर 1910 चा ग्लासगोचा नमुना उचलावा. तिथल्या कलाशाळेत भरतकाम शिकवणाऱ्या ॲन मॅकबेथ यांनी स्त्रियांच्या मताधिकार चळवळीच्या बाजारासाठी एक क्विल्ट रचली. तुरुंगात उपोषण केलेल्या 80 स्त्रियांच्या सह्या लिननच्या तुकड्यांवर भरून ते तुकडे जोडले होते. चळवळीच्याच एक नेत्या एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनी ती 10 पौंडांना घेतली आणि जूनमध्ये लंडनच्या मिरवणुकीत तिचाच फलक झाला. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या बायकांनी रेड क्रॉससाठी क्विल्टवर नाव भरून देण्याचे पैसे घेतले. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की नावांचे पैसे येतात आणि वाकळही विकायला उरते.

80 नावं, प्रत्येकी 300 रुपये: 24,000. एका नावाला सव्वा तास धरला तर भरतकामाचे 100 तास, म्हणजे साडेबारा दिवस. 13 दिवसांचे 4,810, शिवणीचे 3,330, कापड-दोऱ्याला हजार. खर्च 9,140 होतो. उरलेले 14,860 निधीला द्या.

नावं आधी सुट्या तुकड्यांवर भरतकामाची रिंग लावून भरायची. थर घातल्यावर रिंग बसत नाही आणि मागच्या गाठी दिसतात. अक्षराची उंची दोन सेंटिमीटरपेक्षा कमी नको, नाहीतर मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. देवनागरीत शिरोरेषा शेवटी आणि सैल हाताने घ्यावी. आधी ताणून घेतली की कापड चुणतं आणि खालची अक्षरं कलतात. कन्नड अक्षरांची वळणं मोठ्या टाक्यात टोकदार कोनांसारखी दिसतात, तिथे टाका दोन मिलिमीटरवर आणावा लागतो. नाव कुठल्या लिपीत, हे पैसे देणारी ठरवेल. दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नडचा नियम आहे, वाकळीवर अजून तरी नाही. कुणी हमखास म्हणेल, नावं कसुतीत, म्हणजे कर्नाटकी भरतकामात भरा. कसुती कापडाचे धागे मोजून करायची असते आणि विरलेल्या लुगड्यावर ते मोजता येत नाहीत.

कापडाची घाई नडते. सुती आणि पॉलिस्टर एकत्र घेतलं की पहिल्या धुण्यात सुती आटतं, पॉलिस्टर आटत नाही, वाकळ फुगे धरते. नवं सुती आधी धुऊन घ्या. लाल आणि जांभळा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, रंग उतरला तर तो तुकडा बाजूला. आणि कवंदीच्या चार कोपऱ्यांतली त्रिकोणी घड्यांची ‘फुलं’ वेळ वाचवायला गाळू नका. फुलांवाचून कवंदी सिद्दी बायका उघडीच मानतात.

राहिला आपला, परदेशातल्यांचा वाटा. ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्याने बेळगावच्या बचत गटाला पैसे पाठवले तर ती कायद्याने परदेशी देणगी ठरते. त्यासाठी एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. बहुतेक छोट्या गटांकडे यातलं काही नसतं. मालाच्या खरेदीचे पैसे देणगीत मोडत नाहीत. म्हणून नावांचे 300 गावातूनच रुपयांत जमू द्यावेत आणि आपण वाकळ पक्क्या बिलावर विकत घ्यावी. किमतीत देणगी लपवू नये. अर्धे पैसे आगाऊ पाठवावेत, कारण चांगली जुनी सुती लुगडी आता फुकट मिळत नाहीत, बोहारणीकडून विकत घ्यावी लागतात.