५३७ मतांनी हरलेल्या बाईंबद्दल

अमेरिकेत इलेक्शन जिंकून देणारी डोकी म्हटलं की लोक जेम्स कारव्हिल, डेव्हिड प्लफ अशी नावं घेतात, क्लिंटन आणि ओबामा यांची माणसं. माझ्या मते त्या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव डोना ब्राझील यांचं आहे. आणि त्या कुणासाठी राबल्या बघा, १९८४ ला जेसी जॅक्सन, १९८८ ला आधी गेपहार्ट मग डुकाकिस, २००० ला अल गोर, सगळे डेमोक्रॅटिक पक्षातले. या चौघांतला एकही राष्ट्राध्यक्ष झाला नाही.

न्यू ऑर्लिन्सच्या गरीब कृष्णवर्णीय घरातली नऊ भावंडांतली तिसरी मुलगी, आई लोकांच्या घरी कामाला जायची. वयाच्या नवव्या वर्षी ही पोरगी नगरसेवकपदाच्या एका उमेदवाराचा प्रचार करत फिरली, का तर तो वस्तीत मुलांना खेळायला मैदान करून देणार होता. पुढे लुइझियानात कॉलेज आणि मग वॉशिंग्टन, तिथे मार्टिन लूथर किंग यांच्या जयंतीला राष्ट्रीय सुट्टी मिळावी म्हणून जी मोहीम चालली त्यात काम. १९८८ ला डुकाकिसच्या प्रचारात असताना प्रतिस्पर्धी थोरल्या बुशच्या खासगी आयुष्यावर पत्रकारांसमोर बोलल्या आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. अमेरिकेत एवढ्यावर माणूस संपतो. या बाई मात्र अकरा वर्षांनी गोरच्या कॅम्पेन मॅनेजर झाल्या, मोठ्या पक्षाची अध्यक्षपदाची कॅम्पेन चालवणारी पहिली कृष्णवर्णीय महिला.

कॅम्पेन मॅनेजर म्हणजे भाषणं लिहिणारा माणूस नव्हे हो. पैसा किती आहे, कुठल्या राज्यात किती ओतायचा, कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला घरी पाठवायचं, आणि शेवटी आपला मतदार दारातून बाहेर काढायचा. १९९९ च्या ऑक्टोबरात गोरने वॉशिंग्टनचं महागडं ऑफिस सोडून सगळा गाशा टेनेसीत नॅशव्हिलला हलवला तेव्हाच ब्राझील यांच्या हातात सूत्रं आली, आणि पक्षातले प्रतिस्पर्धी ब्रॅडली एकही प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी राज्यातली निवडणूक, जिंकू शकले नाहीत.

मग फ्लोरिडा. जवळपास ६० लाख मतं पडली आणि गोर धाकट्या बुशपेक्षा ५३७ मतांनी मागे, देशभरात मात्र गोर ५ लाखांहून जास्त मतांनी पुढे. पण तिथे राष्ट्राध्यक्ष देशभरच्या बेरजेवर नाही, कुठली राज्यं जिंकली त्यावर ठरतो. मी नगरपालिकेच्या इलेक्शनला यादी घेऊन बूथवर बसलेली बाई आहे, संध्याकाळी पाचला "त्या बिल्डिंगमधले अजून आले नाहीत" म्हणून जिने चढलेली, त्यामुळे ५३७ हा आकडा बघितला की माझ्या पोटात कालवतं. ५३७ म्हणजे तीनचार सोसायट्या! लोक म्हणतात गोर स्वतःचं टेनेसी हरला, ते जिंकला असता तर फ्लोरिडाची गरजच नव्हती, आणि ते खरंय, मॅनेजर म्हणून ती चूक ब्राझील यांच्याही खात्यावर जाते. पण फ्लोरिडात मतदार यादीतून चुकीने नावं उडवली गेली आणि कृष्णवर्णीयांची मतं गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात बाद झाली, हे नंतर सरकारी नागरी हक्क आयोगानेच सांगितलं. ब्राझील त्यानंतर पक्षाच्या मतदान हक्काच्या कामाला लागल्या. मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, हरल्यावर दुसरा उमेदवार शोधला नाही, यादी हातात घेतली.

२००५ ला कतरिना वादळात त्यांच्या घरच्यांची वाताहत झाली. लुइझियानाच्या पुनर्वसन मंडळावर त्या गेल्या आणि ज्या धाकट्या बुशने त्यांना हरवलं त्याच्याच सरकारबरोबर काम केलं, पुढे त्याने न्यू ऑर्लिन्ससाठी केलेल्या मदतीबद्दल जाहीर लिहिलं सुद्धा. आपल्या पक्षातले लोक चिडणार हे माहीत असून.

२०१६ चं मी लपवणार नाही. टीव्ही चॅनलवर समालोचक असताना तिथल्या कार्यक्रमातले प्रश्न हिलरींच्या टीमला आधीच कळवले, ईमेल फुटल्या, चॅनलने संबंध तोडले. ते चूकच होतं, पक्षाच्या उमेदवारीसाठी हिलरींसमोर सँडर्स होते आणि त्यांच्यावर अन्याय झाला, पुढे ब्राझील यांनी स्वतः चूक मान्य केली. पण त्यांचं नाव टाकून सर्च केलं की आधी हेच का दिसावं? चाळीस वर्षं दारोदार फिरून मतदार बाहेर काढणाऱ्या बाईची ओळख दोनचार ईमेल होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आणि हो, तो नगरसेवक निवडून आला होता. मुलांना खेळायला जागाही झाली.