12 दिवसांचा हिशेब : एक स्टार देणाऱ्या भाऊंना दुकानातर्फे उत्तर

नमस्कार भाऊ. तुमचा रिव्ह्यू काल रात्री पोरीने वाचून दाखवला. "12 दिवस हार्ड डिस्क ठेवून घेतली, 300 रुपये घेतले, एक फोटो दिला नाही, वरून म्हणतात तुम्हीच बिघडवली." आजींचे फोटो गेले याचं आम्हालाही वाईट वाटतं. आणि त्या दिवशी काउंटरवर चार लोकांसमोर माझा आवाज चढला, तो चढायला नको होता. त्याबद्दल माफी मागतो.

पण ते 12 दिवस जे लिहिले ना, ते लागलं मला. आर्वीसारख्या गावात दुकान नावावरच चालते. झेरॉक्स अन् फॉर्म भरून भाडं निघते, घर चालते ते रिपेअरिंगवर. तुमचा स्टार पडल्यापासून दोन जणांनी "वस्तू वापस भेटते ना?" असं विचारून लॅपटॉप ठेवला. म्हणून हिशेब देतो.

पहिले 2 दिवस तपासणीचे. केबल बदलली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली, खालचा बोर्ड काढून त्याचे पॉइंट खोडरबरने घासले. हसू नका, काळे पडलेले पॉइंट कधी कधी तेवढ्यानेच जागे होतात. डिस्क फिरत होती, पण आतून टक-टक आवाज येत होता अन् कॉम्प्युटरला ती दिसतच नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी फोनवर सांगितलं की हे हेडचं, म्हणजे आतून डिस्क वाचणाऱ्या टोकाचं, काम वाटते, ते धूळ नसलेल्या खोलीत, मोठ्या शहरातल्या लॅबमध्येच होते, अन् हजारोंनी पैसे लागतात. तुम्ही म्हणाले, "पहिले तुम्ही करून पाहा." माझ्या हातात करून पाहण्यासारखं एक बोर्ड बदलणंच उरलं होतं. तोच नंबर असलेला बोर्ड मागवला, त्याला 6 दिवस लागले. मधात पोळा अन् तान्हा पोळा आला, कुरिअरवाला फिरकला नाही. दुकानही बंद होतं, ते कबूल करतो. घरी बैलजोडी आहे, वर्षातून एकदा तिचा सण येते.

मग 1 दिवस पावसानं लाईन नव्हती, अन् माझ्या इन्व्हर्टरवर हॉट एअर, म्हणजे चिप उतरवायचं गरम हवेचं मशीन, चालत नाही. 1 दिवस चिपचा. लोकांना वाटते नवा बोर्ड लावला की झालं. तसं नसते. त्या डिस्कची स्वतःची सेटिंग बोर्डावरच्या एका चिपमध्ये असते, तुरीच्या डाळीएवढी चिप. ती जुन्यावरून उतरवून नव्यावर बसवावी लागते. बसवली, तरी टक-टक तशीच. झाले 10 दिवस. उरलेले 2 दिवस मी तुम्हाला फोन लावत होतो अन् तुम्ही उचलत नव्हते. ते 2 माझ्या खात्यात काहून?

बोर्डाचा एक रुपया तुमच्याकडून घेतला नाही. 300 फक्त तपासणीचे, अन् ते ठेवतानाच सांगितले होते.

आता बिघडवण्याचं. हे मी इथं लिहिणार नव्हतो, पण विषय तुम्ही काढला. तुमचा पहिला फोन आला तेव्हा डिस्क दिसत होती, फोल्डर उघडायला वेळ लागत होता एवढंच. मी म्हटलं, बंद करा अन् घेऊन या. तेव्हा आणली असती तर खराब जागा मागे ठेवून चांगल्या जागा आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवता आल्या असत्या. सगळं निघालं असतं असं म्हणत नाही, पण काही तरी हाती लागलं असतं. तुम्ही रात्रभर चेक डिस्क, म्हणजे कॉम्प्युटरचा डिस्क तपासायचा प्रोग्राम, लावून ठेवली. लंगडणारा बैल डवऱ्याला जुंपल्यासारखं झालं ते. मग व्हिडिओ पाहून पन्नीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली. श्रावणातल्या दमट हवेत थंड गडव्याला बाहेरून घाम येते, तसाच तो डिस्कला येते.

अन् तरी नाही चालली तर झाकण उघडलं. तुम्ही "नाही" म्हणाले, पण स्टिकरखालचा लपलेला स्क्रू काढायला स्टिकर चिरला होता, तो मी तुम्हाला दाखवला. आतली प्लेट मिनिटाला 5400 वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला 90. हेड तिच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाचा केस हजारो नॅनोमीटर जाड. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जिथं कणीक मळतात, तिथं ती उघडी पडली. मी काय करू बाप्पा? तरी "तुम्हीच" हा शब्द मी वापरायला नको होता, "उघडल्यामुळे" म्हणालो असतो तर बरं झालं असतं.

यापुढे पावतीवर किती दिवस लागतील ते लिहून देऊ, सणाची सुट्टीही लिहू, आणखी जे सुधारता येईल ते पाहू. तुमचे 300 मी पाकिटात वेगळे ठेवले आहेत, पाहिजे तर घेऊन जा, सकाळी 10 नंतर कधीही या. स्टारचं तुमच्या मनावर.

आणि भाऊ, फोटो खरंच पाहिजे असतील तर ती डिस्क आता पुन्हा लावून पाहू नका. सरळ लॅबला पाठवा. उघडलेली आहे म्हटलं की ते जास्त पैसे सांगतील, पण लपवू नका. झाकणाचे 2 स्क्रू आणतानाच कमी होते, घरी टेबलाखाली सापडले तर तेही सोबत द्या.