कुजबुज, मागांची खटखट आणि अडीच हजारांचा हेडफोन : विट्याहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

कमी किमतीच्या वायरलेस नॉइज कॅन्सलिंग हेडफोनविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : लेख वाचून आपण चिरंजीवांसाठी अडीच हजारांचा हेडफोन घेतला, अभ्यासिकेत पंख्याचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला, पण शेजारच्या मुलांची कुजबुज तशीच ऐकू येते, आणि घरी आल्यावर मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखटही थांबत नाही. तेव्हा या किमतीतले नॉइज कॅन्सलेशन ही निव्वळ धूळफेक आहे आणि मी ती वाचकांच्या गळ्यात मारली. आक्षेप गंभीर आहे आणि त्यामागे घामाचे पैसे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आपले निरीक्षण अचूक आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही, कारण पंखा गेला आणि कुजबुज राहिली यावरूनच कळते की हेडफोनमधली यंत्रणा चालू आहे. तिचे काम असे चालते : बाहेरचा माइक आवाजाची लहर टिपतो, आतले सर्किट तिची नेमकी उलटी लहर तयार करते आणि दोन्ही लहरी कानापाशी एकमेकींना मारतात. ही उलटी लहर वेळेवर पोहोचली तरच उपयोग. ९० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ९० कंपने असलेल्या, घरघरीची लहर हवेत सुमारे पावणेचार मीटर लांब असते, त्यामुळे सर्किटला क्षणभर उशीर झाला तरी फारसे बिघडत नाही. ३,००० हर्ट्झच्या आवाजाची लहर जेमतेम अकरा सेंटिमीटरची, आणि तिथे तेवढाच उशीर झाला की सारे गणित फिसकटते. म्हणून ही युक्ती साधारण हजार हर्ट्झच्या खालीच जोरात चालते. त्याच्या वरचा आवाज अडवायचा तो कुशनने आणि कपाच्या भिंतीने, म्हणजे कानात बोट घातल्यासारखा. महागड्या हेडफोनमध्ये ही मर्यादा थोडी वर सरकते, नाहीशी होत नाही.

आता कुजबुजीकडे पाहा. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसती हवा घासून बाहेर पडते. त्यामुळे बोलण्यातला जो खर्जाचा भाग या हेडफोनला कापता आला असता, तोच तिच्यात नसतो. उरतात ते स, श, च, त यांचे उंच पट्टीतले फुत्कार, आणि शब्द आपल्याला कळतात ते मुख्यतः अशाच व्यंजनांमुळे. त्यात पंख्याची घरघर त्या कुजबुजीवर आजवर पांघरूण घालत होती, तेही निघाले. चिरंजीवांना कुजबुज पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येते असे वाटत असेल, तर तो भास नव्हे.

मागांची गोष्ट याहून अवघड आहे. धोट्याला बसणारा प्रत्येक फटका हा क्षणात चढणारा आणि क्षणात विरणारा आघात असतो, आणि त्यात खालच्या पट्टीपासून अगदी वरच्या पट्टीपर्यंतचे सगळे आवाज एकदम येतात. गल्लीपलीकडून भिंतीतून झिरपणारी धडधड काहीशी कमी होईल, टकटक राहील. आणि घरातले कोणी प्रत्यक्ष मागावर काम करत असेल, तर एक गोष्ट आवर्जून सांगतो : हे हेडफोन श्रवणसंरक्षणाचे साधन म्हणून तपासलेले नसतात. शेडमध्ये त्यासाठीच बनवलेले इअरप्लग किंवा इअरमफच हवेत. तिथे हेडफोनवर विसंबणे घातक आहे.

हे तंत्र जन्मले तेही सलग घरघरीसाठीच. उलट्या लहरीची कल्पना पॉल लूग यांच्या १९३६ सालच्या अमेरिकी पेटंटमध्ये आहे. पण अमर बोस यांनी ती हेडफोनमध्ये आणण्याचा ध्यास घेतला तो १९७८ मध्ये, झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानाच्या घरघरीत संगीत बुडून जात होते म्हणून. आपल्या रोजच्या आयुष्यात त्या विमानाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे एसटी. सांगली–कोल्हापूर गाडीत मी मागच्या चाकावरच्या सीटवर बसतो. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ९० ठोके पडतात, म्हणजे बरोबर या यंत्रणेच्या टप्प्यात. बटण दाबताच ती घरघर जमिनीत उतरल्यासारखी खाली बसते. खिडकीची सैल काच मात्र खडखडतच राहते, आणि कंडक्टरने पंच वाजवला तर तोही स्वच्छ ऐकू येतो. लेखात मी या हेडफोनची बाजू घेतली ती एवढ्याच बळावर, आणि आजही घेतो.

कारण खरा फायदा शांततेचा नाही, आवाजाची पातळी कमी ठेवता येण्याचा आहे. घरघरीच्या वर गाणे किंवा व्याख्यान ऐकू यावे म्हणून माणूस नकळत आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते, आणि पातळी दर ३ डेसिबलने वाढली की ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती अवघी चार तास उरते. रोज एसटीने जाणारा विद्यार्थी ते चार तास दोन दिवसांत संपवू शकतो. अडीच हजारांच्या वस्तूने त्याला आवाज दोन-तीन पायऱ्या खाली ठेवता आला, तर ते पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही.

जाहिरातींवरचा आपला राग मात्र पूर्णपणे रास्त आहे. खोक्यावर छापलेला ३५ किंवा ४० डेसिबलचा आकडा हा एखाद्या सोयीच्या पट्टीतला सर्वांत मोठा आकडा असतो. सगळ्या आवाजांत तेवढी घट होईल असा त्याचा अर्थ नाही. त्याहून वाईट म्हणजे काही स्वस्त खोक्यांवर ठळक अक्षरांत 'ईएनसी' असते आणि दुकानदार तेच नॉइज कॅन्सलेशन म्हणून विकतो. ईएनसी फक्त फोनवर बोलताना समोरच्याला आपल्याभोवतीचा गोंगाट कमी ऐकू जावा म्हणून असते. ते आपल्या कानांसाठी काहीच करत नाही. आपल्याकडे पंख्याचा आवाज जातो, त्या अर्थी आपल्या हेडफोनमध्ये खरे एएनसी, म्हणजे वर सांगितलेली उलट्या लहरीची यंत्रणा, आहे.

एक विचारायचे राहिले : चिरंजीवांना चष्मा आहे का? चष्म्याच्या काडीमुळे कुशन आणि कानशील यांच्यात फट राहते आणि तिथून आवाज आत शिरतो. बारीक काडीची चौकट किंवा जाड, मऊ कुशन यांनी पुष्कळ फरक पडतो. घामाने रेक्झिन कडक होऊन सोलपटू लागले तरी हेच होते, म्हणून वापरून झाल्यावर कुशन कोरड्या फडक्याने पुसावे.

अभ्यासिकेसाठी माझी सूचना वेगळी आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग वीस-तीस रुपयांत येतात, आणि कुजबुजीच्या उंच पट्टीवर ते या हेडफोनपेक्षा सरस ठरतात. फोम चिमटीत वळून, कान किंचित वर ओढून तो आत सोडावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. हेडफोनच वापरायचा असेल, तर पावसाचा किंवा वाहत्या पाण्याचा सलग आवाज अगदी हळू लावावा, म्हणजे पंख्याचे गेलेले पांघरूण परत मिळते. एवढे करूनही जमले नाही आणि परतीची मुदत शिल्लक असेल, तर हेडफोन खुशाल परत करावा. चिरंजीव रोज एसटीने ये-जा करत असतील, तर मात्र परत करण्याआधी त्यांनी एकदा तो गाडीत, मागच्या सीटवर, लावून पाहावा.