पैसा तिचा, ओटीपी माझा

आमच्या घरातली पहिली बँक म्हणजे माझी बायको. भाऊबीज, वाढदिवस, आखाजीला मामाच्या गावाहून निघताना मामीनं मुठीत कोंबलेली नोट, सगळं "आण, मी ठेवते" एवढ्या एका वाक्यावर जमा होतं. ठेवी घेण्यात ही बँक वाघ आहे. पैसे परत देण्याचा विभाग मात्र तिथं अजून उघडलेला नाही.

दहावीचा निकाल लागला, पाहुण्यांची पाकिटं आली आणि आमच्या कन्येनं आईपुढं एक वही टाकली. तिसरीत असल्यापासूनची नोंद. तारीख, कुणी दिले, किती दिले. शेवटी खाली दोन रेघा ओढून बेरीज: ११,३४० रुपये.

"त्यातूनच तर तुला सायकल घेतली," बँक म्हणाली.

"सायकल आबांनी घेतली होती. पप्पा, मला खातं काढून द्या. कार्डवालं."

अकरावीला ती अमळनेरहून रोज जळगावला रेल्वेनं जाणार होती, त्यामुळे मागणीत तथ्य होतं. शिवाय मी सरकारी कारकून. "हा कागद नाही, उद्या या" हे सांगण्यात माझी सव्वीस वर्षं गेलीत. समोरच्या खिडकीपुढं उभं राहायची पाळी आली तर काय काय घेऊन जायचं, हे मला कोण शिकवणार? तिचं आधार, माझं आधार, जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, फोटो, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. वर अभ्यासही केला होता. रिझर्व्ह बँकेनं २१ एप्रिल २०२५ ला परिपत्रक काढून सांगितलंय की दहा वर्षांपुढच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवू देता येतं. मर्यादा बँकेनं आपापली ठरवायची, कार्ड द्यायचं की नाही तेही बँकेनंच बघायचं. फक्त खात्यात उधारी चालणार नाही, शिल्लक कायम जमेत हवी. (ही अट सरकारनं माझ्या पगाराला का लावली नाही, हा विचार तेव्हाच मनात आला.)

मे महिना, सकाळी अकरा वाजताच ऊन कवटी तडकवत होतं. बँकेत पंखा होता, पण तो काउंटरच्या आतल्या लोकांना वारा घालत होता. मॅडमनी आधारकार्ड हातात घेतलं, फोटो पाहिला, पोरीकडं पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. फोटोत पुढचे दोन दात नसलेली पाच वर्षांची चिमुरडी हसत होती. समोर साडेपाच फूट उंचीची मुलगी कपाळाला आठ्या घालून उभी. यंत्रावर अंगठा ठेवला, यंत्र नाही म्हणालं. दुसरं बोट, नाही. दहाच्या दहा बोटं झाली.

"पंधरा वर्षं झाल्यावर बोटांचे ठसे अपडेट करावे लागतात. केले नाहीत ना? मग ते करून या."

पाचव्या वर्षी एकदा आणि पंधराव्या वर्षी पुन्हा, हे मला माहीत होतं. ऑफिसात मीच दिवसातून चार जणांना सांगतो. घरी कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नव्हतं. बापाला काही कळत नाही, अशा नजरेनं पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मॅडमनीही.

आधार केंद्रात दोन चकरा झाल्या, त्यावर मी जास्त बोलत नाही. पुन्हा बँक. आता सहीचा प्रश्न. खातं स्वतः चालवायचं तर सही एकसारखी जमली पाहिजे. आमच्या पोरीनं त्यासाठी वहीचं मागचं पान भरवून सराव केला होता. पहिली सही अशी झोकदार की शेवटचं वळण थेट खालच्या रकान्यात, 'वारसदाराचे नाव' इथं जाऊन थांबलं. दुसरी सही लाजून आखडली. तिसऱ्या सहीत आडनावच गायब.

"बाळा, एकच काहीतरी ठरव," मॅडम म्हणाल्या.

"पण मॅडम, मला अजून ठरवायचंय."

रांगेतले एक दादा मागून म्हणाले, "काय भो, ॲडमिशन का खातं?" शेवटी तिनं बालवाडीसारखं नाव सरळ लिहून टाकलं, आणि तीच सही मंजूर झाली.

मोबाईल नंबरच्या रकान्यात माझा नंबर गेला, कारण तिच्या नावावर सिम नाही. तो रकाना मी स्वतःच्या हातानं भरला. गळफास हातानंच बांधायचा असतो म्हणतात, तसं.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. नवं कार्ड फक्त एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रात घालून चालतं. ऑनलाइन वापर मुद्दाम चालू करावा लागतो. तो तिनं माझ्याच फोनवरून चालू केला, मी जेवत असताना. आणि तिथून माझ्या नोकरीचा दुसरा भाग सुरू झाला. पैसा तिचा, ओटीपी माझा.

चोपड्याकडं एका नातलगाकडं मयत झाली म्हणून दारावर बसायला गेलो होतो. उन्हाचा पेंडॉल, सगळे पंचे खांद्यावर टाकून खाली मान घालून बसलेले. कुणी काही बोलत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. मी कापला. पुन्हा वाजला. दबक्या आवाजात उचलला.

"पप्पा, ओटीपी! लवकर, तीन मिनिटंच आहेत. सेलमध्ये शेवटचा टॉप आहे."

मेसेज उघडला. त्यात ठळक लिहिलेलं: हा क्रमांक कुणालाही सांगू नका. मी तोंडावर हात धरून पुटपुटलो, "चार, सात, सात..." तिला ऐकू येईना. "मोठ्यानं!" शेवटी सहाच्या सहा आकडे मी त्या पेंडॉलभर ऐकू जातील असे सांगितले. शेजारच्या आप्पांनी मान वर केली, माझ्याकडं सरकले आणि कानात विचारलं,

"ओपन का क्लोज?"

दुकानातल्या खर्चाला ओटीपी लागत नाही, पण मेसेज येतो. फाईलवर सही करताना कळायचं, पोरगी कॉफी पितेय. साहेबांसमोर उभा असताना कळायचं, सँडविच. घरी आल्यावर मी विचारायचो, "आज दोनदा कॉफी?" ती म्हणायची, "पप्पा, तुम्ही सीआयडी आहात का?" मग मी गप्प बसायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन बघायचो.

पावसाळा लागला आणि मेसेज कमी झाले. आठवड्यातून एकच, शनिवारी: एटीएममधून ५०० काढले. कॉफी बंद, सँडविच बंद. मी बायकोला म्हणालो, बघ, स्वतःचं खातं आलं की पोरं जबाबदार होतात. ऑफिसातही सांगितलं. दोघा-तिघांनी पोरांची खाती काढायचं मनावर घेतलं.

परवा खिचडीला तूरडाळ काढायला मी वरचा डबा उतरवला. डाळीत हात घातला तर रबरबँड लावलेली नोटांची घडी, आणि सोबत चिठ्ठी: घेतले १००, ठेवले ४००. अक्षर सरळ, बालवाडीचं. बँकेत मंजूर झालेलं.

मागं माझी आई उभी होती. डबा माझ्या हातातून काढून घेत म्हणाली, "तुले काय करनं शे? मन्हा डबा मेसेज धाडत नही."